शेतातली ट्रॉली हायवेवर नेण्याआधी

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, संकेश्वर, हुक्केरी या पट्ट्यात ट्रॅक्टर असलेल्या घरी दोनचाकी ट्रॉली हमखास असते. शेणखत, माती, वैरण, तंबाखूचे बोद आणि हंगामात ऊस असे सगळे ती वाहते, आणि वर्षातले बहुतेक दिवस तिचा प्रवास गोठा, मळा आणि पाणंद एवढ्यातच संपतो. अशा ट्रॉलीला चार महिने साखर कारखान्याची किंवा बाजारची वाट धरावी लागते, तेव्हा तिला राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, म्हणजे आपल्या जुन्या चार नंबर हायवेवर, यावे लागते. शेतात चिखल, खड्डे, बांध सोसणारी ट्रॉली मजबूत असते यात शंका नाही. परंतु मजबूत असणे आणि रस्त्यावर नेण्याजोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतात वेग कमी असतो आणि मागून कोणी येत नसते, म्हणून तिथे ढिले बेअरिंग, झिजलेली पिन आणि नसलेले दिवे खपून जातात. हायवेवर यातले काहीही खपत नाही. आमच्या घरच्या ट्रॉलीचे काम यंदा उन्हाळ्यात करून घेतले, त्या निमित्ताने हे सविस्तर लिहीत आहे.

दिव्यांचा विषय सर्वांत महत्त्वाचा, म्हणून तो आधी घेतो. भरलेली ट्रॉली ताशी २५ किलोमीटरने चालली आहे आणि मागून मोटार ९० ने येत आहे असे धरले, तर दोघांच्या वेगातला फरक ६५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १८ मीटर होतो. मोटारचालकाला अंधारात ट्रॉली ५० मीटरवर दिसली, तर त्याच्या हातात तीन सेकंदसुद्धा उरत नाहीत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीवर मागून दुचाकी किंवा मोटार आदळल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, त्यामागचे गणित हे एवढेच आहे. ट्रॉलीवाल्याचे काही बिघडत नाही, जीव जातो तो मागच्याचा. त्यामुळेच या कामात कंजुषी करण्याचा आपल्याला अधिकार नाही असे मला मनापासून वाटते.

मागे दोन लाल दिवे, ब्रेकचे दिवे, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर आणि नंबरप्लेटवरचा दिवा, एवढे असायलाच हवे. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत सात पिनांचे सॉकेट लावले, की जोडणी आणि सोडवणी सोपी होते. वायरिंग करताना अर्थिंगची वायर वेगळी ओढून घ्यावी. पुष्कळ ठिकाणी अर्थिंग, ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांडीच्या पिनेतून, लोखंडाला लोखंड टेकून, मिळेल असे गृहीत धरतात; पण तिथे ग्रीस आणि माती असते, खड्ड्यात पिन उडते आणि दिवे लुकलुकतात. डावा इंडिकेटर दिला असता मागचे सगळेच दिवे मंद होऊन एकदम उघडझाप करू लागले, तर अर्थिंग सैल आहे असे खुशाल समजावे. वायर चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, आतल्या बाजूने, रबरी नळीतून आणि जागोजागी क्लिप मारून न्यावी. खाली लोंबणारी वायर उसाच्या फडातून एकदा गेली की तुटलीच.

दिवे कोठे बसवायचे हा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. ऊस भरला, की उसाची शेंडी मागच्या फाळक्याच्या, म्हणजे उघडणाऱ्या फळीच्या, बाहेर लोंबते आणि वर बसवलेले दिवे तिच्याआड पूर्ण झाकले जातात. आमच्या मिस्त्रींनी म्हणून दिव्यांची पट्टी चासीच्या मागच्या आडव्या बीमखाली, दोन्ही टोकांना लोखंडी चौकट करून बसवली. रेडियमची, म्हणजे उजेड पडला की चमकणारी, पट्टी ५० मिलिमीटर रुंदीची, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल अशी लावावी. जागा आधी घासून, पुसून, कोरडी करून घेतली नाही तर पहिल्याच पावसात तिची कड सुटते. दिवा बंद पडला तरी रेडियम काम करते, पण चिखलाने माखलेले रेडियम असून नसून सारखेच. मळ्यातून निघून हायवेवर चढण्यापूर्वी मागचा भाग फडक्याने पुसणे आणि चाकांत अडकलेला चिखल पाडून टाकणे, याला पाच मिनिटेही लागत नाहीत. रस्त्यावर सांडलेल्या चिखलावरून दुचाकी घसरते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आता चाकांकडे वळू. मिस्त्रींचे पहिले वाक्य होते, ‘‘मालक, रंगाचं नंतर बघू, आधी हब उघडूया.’’ हब म्हणजे चाकाच्या मधला, बेअरिंग असलेला भाग. चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवले, की बेअरिंग ढिले असल्यास खडखड जाणवते. हब उघडल्यावर आतले ग्रीस काळे पडून मातीच्या कणांमुळे हाताला खरखरीत लागत होते, आणि ऑईल सीलची कड वाळून कडक झाली होती. डिझेलने धुतल्यावर बाहेरच्या बेअरिंगच्या रोलरांवर निळसर डाग दिसले. ते तापल्याची खूण असते आणि असे बेअरिंग परत घालायचे नसते. नवे बेअरिंग घालताना चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, मग थोडा सैल सोडायचा आणि नट फिरू नये म्हणून नवी कॉटर पिन घालायची. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणे टाळावे. एक्सलचे टोकच झिजले असेल, तर मात्र लेथवर काम करावे लागते; बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अशी कामे करणारी वर्कशॉप पुष्कळ आहेत.

एक्सल सरळ आहे की नाही हे पाहायला मोठे यंत्र लागत नाही. दांडीच्या कड्याच्या मध्यापासून दोन्ही हबांच्या मध्यापर्यंत दोरी ताणून मोजावी. दोन्ही मापे सारखी आली नाहीत, तर पाट्यांचे (स्प्रिंगांचे) यू-बोल्ट ढिले होऊन एक्सल सरकलेला आहे आणि ट्रॉली रस्त्यावर तिरकी चालत टायर खात जाणार. टायरच्या बाजूच्या भेगाही पाहाव्यात. नक्षी शिल्लक असली तरी उन्हात पडून राहिलेला टायर भरल्या वजनाने, तापल्यावर फुटतो. हवा टायर थंड असतानाच मोजावी.

दांडीचे कडे आणि पिन झिजून लांबट झाले असतील, तर बदलावेत. वेल्डिंगचे थर चढवून कडे भरण्याचा प्रघात आहे, तो मला पसंत नाही. पिनेला क्लिप हवीच आणि शिवाय दांडीखालून फुलीसारख्या दोन साखळ्या हव्यात, म्हणजे पिन निघाली तरी दांडी रस्त्यात रुतणार नाही. दोनचाकी ट्रॉलीत माल भरताना भार एक्सलच्या थोडा पुढे ठेवावा. भार मागे गेला की दांडी ट्रॅक्टरला वर उचलते आणि मागच्या चाकांची पकड जाते.

ब्रेकचा प्रश्न निपाणीजवळच्या तवंदी घाटात कळतो. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टरवर येतो. जमेल त्याने ट्रॉलीला ड्रमब्रेक बसवून घ्यावेत आणि दोन्ही चाके सारखीच धरतात ना हे रिकाम्या ट्रॉलीवर तपासावे. शेतात वळण्यासाठी आपण ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक वेगळे वापरतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडलांची कडी जोडलीच पाहिजे. एकच चाक धरले, तर मागून रेटणारी भरली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे करते. उतारावर न्यूट्रल कधीही नाही. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरची, म्हणजे ट्रॉलीची, नोंदणी ट्रॅक्टरहून वेगळी असते आणि विम्यातही ट्रेलर वेगळा लावून घ्यावा लागतो. आपल्या सीमाभागात कोल्हापूरकडची एमएच-०९ ची जुनी ट्रॉली विकत घेण्याची पद्धत आहे. ती बारा महिन्यांहून अधिक काळ इकडे ठेवायची असेल, तर तिकडची एनओसी आणून केए-२३ किंवा केए-२२ असा इकडचा, म्हणजे कर्नाटकातला, नंबर घ्यावा लागतो. जास्त ऊस बसावा म्हणून चासी लांबवणे किंवा एक्सल वाढवणे हेही परवानगीशिवाय करता येत नाही.

सर्व काम झाल्यावर लगेच पूर्ण भार घालू नये. अर्ध्या भाराने जवळच्या गावापर्यंत जाऊन यावे, चाकांचे नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळावेत आणि थांबल्याबरोबर दोन्ही हबांना जपून हात लावून पाहावा. एक हब दुसऱ्याहून बराच गरम लागला, तर नट जास्त आवळला गेला आहे किंवा त्या बाजूचा ब्रेक सुटत नाही. ते नीट केल्याशिवाय पुढची खेप भरू नये.