एकाच पुस्तकात संपणारा आरपीजी शोधताना

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम: टेबलाभोवती बसून खेळाडू एकेका पात्राची भूमिका करतात, आणि गेम मास्टर (जीएम) त्यांच्यापुढे जग, शत्रू आणि प्रसंग उभे करतो. असा एक खेळ निवडताना अट साधी ठेवली होती. एक नियमपुस्तक, फासे, पेन्सिली आणि खोडरबर, एवढ्यावर चार खेळाडू आणि एक गेम मास्टर वर्षभर खेळू शकले पाहिजेत. डंजन्स अँड ड्रॅगन्स इथे पहिल्याच फेरीत बाद होतो, कारण त्याची मूळ पुस्तकं तीन: प्लेअर्स हँडबुक, डंजन मास्टर्स गाइड आणि मॉन्स्टर मॅन्युअल. २०२४-२५ मधल्या नव्या आवृत्तीतही मांडणी तीच आहे. पाथफाइंडरचं २००९ चं कोअर रूलबुक ५७६ पानांचं असूनही राक्षस त्यात नाहीत, ते बेस्टिअरी या वेगळ्या पुस्तकात. म्हणजे जाडीवरून काहीच ठरत नाही.

मुखपृष्ठावरच्या शब्दांवरूनही नाही. ‘कोअर’चा अर्थ बऱ्याचदा ‘पुढची पुस्तकं येतायत’ एवढाच असतो. ‘क्विकस्टार्ट’ ही छोटी नमुना-पुस्तिका खेळून बघायला चांगली, पण तिच्यात पात्रं बहुधा तयारच दिलेली असतात. डी अँड डीच्या २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये तर नवं पात्र बनवण्याचे नियमच नव्हते, आणि खेळ पाचव्या लेव्हलपाशी (लेव्हल म्हणजे पात्राच्या प्रगतीची पायरी) थांबायचा. एसआरडी (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे इतरांना वापरायला खुले केलेले मूळ नियम) हा प्रकार मात्र मोहात पाडतो. एसआरडी ५.१ हे दस्तऐवज जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुलं झालं, फुकट आहे, आणि त्यात राक्षस, मंत्र, जादूच्या वस्तू सगळं आहे. अडतं ते निवडीपाशी. प्रत्येक क्लासला (पात्राच्या पेशाला) एकच सबक्लास (त्या पेशाची शाखा), बॅकग्राउंड (पात्राचं पूर्वायुष्य) एकच, फीटही (खास कसब) एकच. ते दुसऱ्या प्रकाशकांनी वर इमारत बांधावी म्हणून घातलेलं जोतं आहे. चार जणांना त्यातून पात्रं बनवायला बसवलं की ‘बाकीचे पर्याय कुठे?’ हा प्रश्न येणारच.

म्हणून अनुक्रमणिकेपासून सुरुवात केली. पात्र बनवण्याची कृती, किमतींसकट सामान, आकड्यांसकट शत्रू, लेव्हल वाढण्याचा तक्ता आणि जीएमने नवं ठिकाण कसं उभारायचं याची पद्धत. पहिल्या चार गोष्टी पुष्कळ पुस्तकांत सापडतात, पाचवीपाशी गळती सुरू होते. ‘कल्पनाशक्ती वापरा’ ही पद्धत नव्हे. गुहेत किती खोल्या, कितीत पहारेकरी, कितीत खजिना, वाटेत कोण कधी भेटतं, याचे तक्ते असतील तरच दुसऱ्या सेशनची तयारी रविवारी दुपारी उरकते. दुसरी चाचणी आणखी सोपी. पीडीएफमध्ये कंट्रोल-एफ दाबून त्याच मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव शोधायचं. जाहिरातीच्या पानाबाहेर, नियमांच्या मध्येच ते वारंवार सापडलं, तर ते पुस्तक एकटं उभं राहणारं नाही.

या चाळणीतून मोजकीच नावं खाली उतरली. डी अँड डीचंच १९९१ चं रूल्स सायक्लोपीडिया हे ३०४ पानांत लेव्हल १ ते ३६, राक्षस, किल्ले, सैन्यांच्या लढाया आणि जगाचे नकाशेही देतं. एका पुस्तकात इतकं कोंबण्याची हौस आजही कुणाला परवडलेली नाही. पण अक्षर बारीक, मांडणी दाट, आणि नवख्याला थॅको (वार लागायला फाशावर किती हवं हे काढायचा जुना आकडा) समजावण्यात पहिली संध्याकाळ जाते. कॉल ऑफ कथुलूच्या सातव्या आवृत्तीचं कीपर रूलबुक एकटं पुरतं. इन्व्हेस्टिगेटर हँडबुक सोयीचं, आवश्यक नाही. शंभरच्या आत फासा टाकून कौशल्याच्या आकड्याइतकं किंवा कमी आलं की जमलं, हे कुणालाही एका वाक्यात कळतं. फक्त तो रहस्य आणि भयाचा खेळ आहे. दर आठवड्याला तलवार चालवायची असेल त्यांच्यासाठी नाही. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये नियम आणि शत्रू एकाच पुस्तकात आहेत, पण जग नाही. ते तुम्ही आणायचं, शिवाय लढाईत पाळी ठरवायला जोकरांसकट पत्त्यांचा कॅट हवा.

स्टार्स विदाउट नंबर हा अवकाशातला खेळ. २०१७ च्या सुधारित आवृत्तीची फुकट पीडीएफ हा पूर्ण खेळ आहे. विकतच्या प्रतीत जादा प्रकरणं मिळतात. जीएमसाठी याहून उपयोगी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही: ८ बाय १० षटकोनांचा नकाशा, त्यात एक डी१० (दहा बाजूंचा फासा) अधिक २० इतके तारे, प्रत्येक जगाला दोन ‘टॅग’ (वैशिष्ट्यं), आणि त्या टॅगमधूनच शत्रू, मित्र, गुंतागुंत निघत जाते. केर्नची पहिली आवृत्ती याच्या दुसऱ्या टोकाला. पंचवीसेक पानांच्या आत सगळं, लढाईत ‘लागलं की नाही’ हा फासाच नाही, थेट इजा. सामानाच्या दहा जागा भरल्या की ‘हिट प्रोटेक्शन’ (इजा टाळण्याची क्षमता) शून्य. झकास आहे, पण जीएमला असे खेळ आधी चालवलेले आहेत असं ते गृहीत धरतं. नवख्या जीएमसाठी ते एक पुस्तक नसून अर्धं पुस्तक आहे.

शेवटी निवड केली ती बेसिक फँटसी रोल-प्लेइंग गेमची. लेखक क्रिस गोनरमन, चौथी आवृत्ती २०२३ ची, पीडीएफ फुकट, चार वंश, चार क्लास, वीस लेव्हल, दोनशेच्या आसपास पानं. निवडीआधी कागदावर एक लढाई पूर्ण खेळून बघितली. ही पायरी कुणी वगळू नये.

पात्राला सुरुवातीचे पैसे ३डी६ (सहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज) गुणिले १०, म्हणजे सरासरी १०५ सोन्याची नाणी. चेन मेल ६०, ढाल ७, लाँगस्वोर्ड १०, असे ७७ गेले. उरलेल्या २८ मध्ये मशाली, दोर, शिधा. त्याचा आर्मर क्लास (एसी, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १६ झाला. समोर गॉब्लिन हा छोटा राक्षस, आर्मर क्लास १४. पहिल्या लेव्हलचा फायटर डी२० मध्ये १ मिळवतो, म्हणजे १३ किंवा वर हवा: ४० टक्के. ताकद १३ असेल तर ४५. गॉब्लिनचा वार त्याच फायटरला २५ टक्के वेळाच लागतो, पण चिलखत नसलेल्या मॅजिक-यूझरला (जादूगाराला) ५० टक्के वेळा. त्या बिचाऱ्याचे हिट पॉइंट (एचपी, म्हणजे किती इजा सोसेल तो आकडा) डी४, गॉब्लिनची इजा डी६, आणि शून्यावर मृत्यू. क्लेरिककडे (पुरोहिताकडे) पहिल्या लेव्हलला मंत्रच नसतात, तेव्हा उपचारही नाही. आठ गॉब्लिन समोरासमोर सोडले तर गट संपतो. जीएमने मोराल (शत्रूंचं धैर्य) विसरायचं नाही हे इथे कळतं. गॉब्लिनचं मोराल ७. निम्मे पडले की २डी६ टाकायचे, ७ च्या वर आलं की उरलेले पळतात. ही शक्यता ४२ टक्क्यांच्या जवळपास. नवे जीएम हा फासा टाकतच नाहीत आणि मग खेळ फार जीवघेणा असल्याची तक्रार करतात.

दुसरी अडचण हिशेबातून निघाली. गॉब्लिनचे १० एक्सपी (अनुभवाचे गुण, ते साठले की लेव्हल वाढते). आठ मारले तर ८०, चौघांत वाटून प्रत्येकी २०. दुसऱ्या लेव्हलला थीफला १,२५० लागतात, फायटरला २,०००. या वेगाने पावसाळा संपेल, लेव्हल नाही वाढायची. पुस्तकात खजिन्याच्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे १ एक्सपी हा पर्यायी नियम आहे, तो पहिल्या दिवसापासून लागू करावा. त्याने खेळाडूंची वागणूकही बदलते, दिसेल त्याला मारण्यापेक्षा माल उचलून निसटण्याकडे कल येतो.

छपाईबद्दल. पान अमेरिकन लेटर आकाराचं आहे, ए४ पेक्षा जवळपास ६ मिलिमीटर रुंद. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ सांगावं, ९७ टक्क्यांवर सगळं बसतं. ‘ॲक्चुअल साइझ’ ठेवलं तर कडेचे रकाने कापले जातात, आणि नेमके तक्तेच कडेला असतात. पाठपोट छापल्यावर शंभरेक कागद होतात, त्याला स्पायरल बाइंडिंग बरं, कारण टेबलावर पान उघडं राहतं. केर्नसारखं छोटं पुस्तक असेल तर बुकलेट पर्यायाने ए५ पुस्तिका करता येते, पानांची संख्या चारच्या पटीत असावी.

बेसिक फँटसीचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून भाषांतर करायला मुभा देणारा, आणि मूळ मजकूर लिबरऑफिसच्या फायलींत मिळतो. त्यामुळे कॅरेक्टर शीट मराठीत करणं सोपं आहे. क्षमतांची नावं मराठीत चालतात, पण एसी, एचपी, एक्सपी तसेच ठेवावेत, नाहीतर तक्ता बघताना दर वेळी मनात उलथापालथ होते. सामानाची किंमतयादी आणि पहिल्या दोन लेव्हलांचे मंत्र वेगळे छापून खेळाडूंच्या बाजूला ठेवले, की मूळ पुस्तक जीएमच्या हातातून फारसं हलत नाही.