आर आणि पायथन, एकाच वेळी : या टप्प्याची नोंद

सध्या एकच शिस्त पाळतोय: प्रत्येक गणित आधी आर या प्रोग्रॅमिंग भाषेत करायचं, मग तेच पायथन या दुसऱ्या भाषेत. उत्तरं जुळली तर पुढे, नाही जुळली तर कारण कळेपर्यंत तिथेच मुक्काम. डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये नोकरी करायची तर आधी कोणती भाषा, हा वाद आपल्या शिकणाऱ्यांत कायमचा. माझं मत आता पक्कं झालंय, दोन्ही एकत्र शिकाव्यात. जिथे उत्तरं फुटतात तिथेच संख्याशास्त्र समजतं.

सरावाला आरमध्ये आयता मिळणारा एमटीकार्स डेटा घेतला, 1974 च्या मोटर ट्रेंड मासिकातल्या 32 गाड्यांचा. मायलेजचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) आरने 6.03 दिलं, पायथनच्या नम्पाय या लायब्ररीने, म्हणजे तयार फंक्शन्सच्या संचाने, 5.93. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला आर 31 ने भागतो, नम्पाय 32 ने. हाती नमुना असेल तर 31 च हवं, कारण सरासरीही त्याच आकड्यांतून काढलेली असते. नम्पायला डीडॉफ (भागताना नोंदींच्या संख्येतून किती वजा करायचे ते सांगणारी सेटिंग) 1 दिलं की उत्तर जुळतं. पायथनचीच दुसरी लायब्ररी पांडाज मात्र न सांगताच 31 ने भागतं! पुस्तकात वाचलेलं 'एन वजा एक' (एन म्हणजे नोंदींची संख्या) इथे खरं डोक्यात उतरलं.

सगळ्यात जास्त वेळ लॉजिस्टिक रिग्रेशनने (दोनपैकी एक उत्तर असण्याची शक्यता मांडणारी पद्धत) घेतला, आणि तो सार्थकी लागला. गाडीच्या वजनावरून गिअर मॅन्युअल की ऑटोमॅटिक, एवढंच मॉडेल. आरच्या जीएलएम या फंक्शनमध्ये वजनाचा सहगुणक (वजनाचा परिणाम दाखवणारा आकडा) उणे 4.02 आला, म्हणजे वजन 1000 पौंडांनी वाढलं की मॅन्युअल असण्याचे लॉग-ऑड्स (असण्याच्या आणि नसण्याच्या शक्यतेच्या गुणोत्तराचा लॉगरिदम) तेवढे घटतात. पायथनच्या सायकिट-लर्न लायब्ररीत तोच सहगुणक शून्याकडे बराच सरकलेला. ही लायब्ररी आपण काही न सांगता एल-टू पेनल्टी (सहगुणक फार मोठे होऊ नयेत म्हणून लावलेला दंड) लावते, तिचा जोर ठरवणाऱ्या सी ची किंमत 1 धरून. नव्या गाडीचा अंदाज बांधायचा असेल तर ते उपयोगी आहे; पण वजनाचा परिणाम नेमका किती, हे सांगायचं असेल तर पेनल्टी काढायला हवी. पायथनचीच स्टॅट्समॉडेल्स लायब्ररी वापरली तर उत्तर आरशी जुळतं, शिवाय प्रमाण त्रुटी (सहगुणकाचा अंदाज किती डळमळीत आहे ते) आणि पी-व्हॅल्यूही (परिणाम नसतानाही असा आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) मिळतात. मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी हा फरक स्वतः चालवून बघाच.

महालनोबिस अंतराचं (रकान्यांचा पसरटपणा आणि आपसातलं नातं लक्षात घेऊन एखादी नोंद सरासरीपासून किती दूर ते मोजणारं अंतर) फंक्शन आरमध्ये मुळातच आहे. कोलकात्यात 1931 साली भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिसांचं नाव टाइप करताना फार छान वाटतं. मात्र आर अंतराचा वर्ग देतो, पायथनची सायपाय लायब्ररी थेट अंतर; शिवाय सायपायला सहविचरण मॅट्रिक्सचा (रकाने एकमेकांसोबत कसे बदलतात त्याचा तक्ता) व्यस्त आपणच काढून द्यावा लागतो.

डेटाबेसमधून माहिती काढायच्या एसक्यूएल या भाषेला आता हात घातलाय. गहाळ नोंदी असलेल्या रकान्याची सरासरी मागितली की आर सरळ 'एनए', म्हणजे 'उपलब्ध नाही', म्हणतो. एसक्यूएल आणि पांडाज त्या नोंदी गुपचूप वगळून आकडा देतात. मला आरचं वागणं जास्त पटतं. म्हणून एसक्यूएलमध्ये सरासरीशेजारी एकूण ओळी आणि त्या रकान्यातल्या भरलेल्या ओळी, असे दोन्ही काउंट काढायची सवय लावतोय. पुढच्या नोंदीत जॉइन्स, म्हणजे दोन तक्ते जोडणं.