ब्रूअरला काय विचारावे: सोलापूरच्या डाय हाउसमधून सुचलेले प्रश्न

कामानिमित्त पुण्याला गेल्यावर संध्याकाळी एखाद्या मायक्रोब्रूअरीत डोकावणे आता आमच्याकडच्या अनेकांच्या अंगवळणी पडले आहे. पुण्यात २००९ साली डूलॅलीने सुरुवात केली आणि नंतर अशा जागा वाढत गेल्या. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या उभ्या असतात, बीअर करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो, आणि आमची मंडळी त्याला गाठून विचारतात काय, तर ‘सगळ्यात स्ट्राँग कोणती?’ हा प्रश्न वेटरलाही विचारता येतो. ब्रूअर समोर असताना त्याच्या कामाविषयी विचारावे, आणि शक्यतो असे विचारावे की उत्तर देताना त्याला एखाद्या टाकीकडे, मीटरकडे किंवा वहीकडे बोट दाखवता येईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी टॉवेलच्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड धुऊन रंगवण्याच्या खात्यात, काम करतो. पाणी, कॉस्टिक सोडा, तापमान आणि लॉट या चार गोष्टींत आमचा दिवस जातो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. आमच्या कामात जड पाणी म्हणजे डोकेदुखी, कारण त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे रंग नीट चढत नाही आणि म्हणून सॉफ्टनरशिवाय चालत नाही. ब्रूअरला मात्र कॅल्शियम हवे असते. ते मॅशची, म्हणजे गरम पाण्यात मुरवलेल्या दळलेल्या धान्याची, आम्लता योग्य पातळीवर आणते आणि पुढे यीस्ट (साखर आंबवून बीअर करणारी सूक्ष्म बुरशी) खाली बसायलाही मदत करते. फिकट रंगाच्या बीअरला त्रास होतो तो बायकार्बोनेटचा. इंग्लंडमधल्या बर्टनचे पाणी जिप्समयुक्त म्हणून तिथली पेल एल ही कडवट बीअर नावाजली, तर चेक देशातल्या पिल्सनचे पाणी अतिशय मृदू म्हणून तिथली सोनेरी लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बीअर. तेव्हा ‘पाणी कुठून घेता, आरओ करता का, आणि केल्यावर त्यात परत काय मिसळता?’ असे विचारावे. सल्फेट वाढवले की कडूपणाला धार येते आणि क्लोराइड वाढवले की तोंडात भरीवपणा जाणवतो, हे जाणकार ब्रूअर दोन ग्लास शेजारी ठेवून दाखवू शकतो.

त्याला जोडूनच ‘एक लिटर बीअरमागे किती लिटर पाणी लागते?’ असे विचारायला संकोचू नये. नीट चालवलेल्या मोठ्या कारखान्यात हा आकडा चारच्या आसपास असतो, लहान ठिकाणी तो सात किंवा त्याहूनही वर जातो, आणि त्यातला बराच भाग धुण्यात आणि थंड करण्यात खर्च होतो. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तिथल्या माणसाने हा प्रश्न विचारला तर त्याला कोणी चोंबडा म्हणू नये.

सर्वांत रंगलेली गप्पा मात्र मॅशवरून होते. मॅश म्हणजे दळलेले माल्ट, अर्थात मोड आणून वाळवलेली बार्ली, गरम पाण्यात तासभर मुरवणे. त्या वेळात धान्यातली अमायलेज नावाची एन्झाइम्स स्टार्च तोडून साखर करतात. आमच्या खात्यातही हेच चालते. विणताना धागा तुटू नये म्हणून ताण्याला स्टार्चची खळ दिलेली असते आणि रंगवण्याआधी ती अमायलेजनेच काढावी लागते; पूर्वी त्यासाठी माल्टचा अर्क वापरत असत. खळ निघाली की नाही हे पाहायला आम्ही कापडावर आयोडीनचा थेंब टाकतो, तो निळाकाळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे असे समजायचे. एका ब्रूअरने पांढऱ्या बशीत मॅशचे चार थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकले तेव्हा मी उत्तर त्याच्याआधीच सांगितले: कडेला निळसर छटा दिसत होती, म्हणजे काम अजून पुरे झालेले नव्हते. दहा-पंधरा मिनिटांनी दुसऱ्यांदा पाहिले तर थेंब पिवळट तपकिरीच राहिला, आणि त्यानंतरच त्याने पुढचा व्हॉल्व्ह उघडला. आयोडीन मिसळलेला तो नमुना मात्र मॅशमध्ये परत जात नाही, तो फेकूनच देतात.

म्हणून ‘मॅशचे तापमान किती ठेवले, आणि तेवढेच का?’ हा प्रश्न मी कधी चुकवत नाही. ६३-६४ अंशांवर बीटा अमायलेज जोरात असते, साखर जवळपास सगळी यीस्टला खाता येईल अशी निघते आणि बीअर कोरडी, हलकी होते. ६८-६९ अंशांवर अल्फा अमायलेजचे राज्य असते, न आंबणाऱ्या शर्करा मागे उरतात आणि घोट जाडसर लागतो. धान्य तेच असले तरी चार-पाच अंशांनी बीअरची प्रकृती बदलते. ज्यांना स्ट्राँगचाच सोस आहे त्यांनी सुरुवातीची आणि शेवटची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, विचारावी. १.०४८ वर सुरू होऊन १.०१० वर थांबली, तर फरकाला साधारण १३१ ने गुणावे. उत्तर पाच टक्के अल्कोहोल येते.

यीस्टविषयी विचारताना घाई करू नये. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते, ती सगळी यीस्टची करणी असते. बव्हेरियात १५१६ साली बीअरसाठी बार्ली, हॉप्स (बीअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुले) आणि पाणी एवढेच मान्य करणारा हुकूम निघाला, त्यात यीस्टचा उल्लेखच नव्हता. ते काय करते हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ साली वापरात आणले. आजच्या ब्रूअरला विचारावे की तेच यीस्ट तो किती वेळा पुन्हा वापरतो, आंबवण्याचे तापमान किती राखतो, आणि वीज गेली तर काय करतो. एल जातीची बीअर १८ ते २२ अंशांवर आंबते, लागरला दहाच्या आसपास तापमान आणि आठवड्यांचा संयम लागतो. तेवढा काळ टाकी अडकून पडते, म्हणून लहान ब्रूअरीत अस्सल लागर कमी दिसते. सोलापूरच्या मे महिन्यात असा कारखाना चालवायचा म्हटले तर चिलरचे बिल बघूनच मालकाला घाम फुटेल.

हॉप्सबद्दल एवढेच विचारले तरी पुरे, की ती कोणत्या वर्षीच्या हंगामाची आहेत आणि कशी साठवली आहेत. भारतात हिमाचलच्या लाहौलमध्ये हॉप्स होतात, तरी लहान ब्रूअरीवाल्यांचा भर मुख्यतः परदेशी मालावर असतो, आणि उष्णता व हवा लागलेल्या हॉप्सना जुन्या चीजसारखा वास येतो.

स्वच्छतेचा प्रश्न सर्वांत नाजूक असला तरी तो विचारलाच पाहिजे. टाकीत आधी कॉस्टिक फिरते, मग आम्ल, आणि भरण्यापूर्वी जंतू मारायला बहुधा पेरॅसिटिक आम्ल. ब्रूअरचा निम्म्याहून अधिक दिवस धुण्यातच जातो हे त्याच्या हातांकडे पाहिले तरी कळते. ‘नळापर्यंतच्या पाइपलाइन किती दिवसांनी धुता?’ याचे उत्तर दोन आठवडे किंवा त्याहून कमी असे यावे, कारण चांगली बीअर या शेवटच्या काही फुटांत नासते. मग, थोडी ओळख झाल्यावर, ‘शेवटचा कोणता लॉट गटारात ओतला आणि का?’ असे हळूच विचारावे. लोण्याचा वास म्हणजे डायअसिटिल, उकडलेल्या मक्याचा म्हणजे डीएमएस, हिरव्या सफरचंदाचा म्हणजे अॅसिटाल्डिहाइड; यांतले काय झाले होते हे जो मोकळेपणाने सांगतो, त्याच्याकडे मी दुसरा ग्लास मागवतो. ‘आमच्याकडे असे कधी होतच नाही’ म्हणणाऱ्याकडे पाणी पिऊन उठतो. पंचवीस वर्षांत एकही लॉट न बिघडलेला डाय मास्टर मला तरी भेटलेला नाही.

हे सगळे विचारायला शनिवारची रात्र निवडू नये. आठवड्यातली एखादी दुपार बरी, तीही आधी फोन करून. उकळीत हॉप्स टाकण्याची वेळ मिनिटांवर ठरलेली असते, तेव्हा त्या माणसाला बोलण्यात गुंतवू नये. पायात बंद बूट असावेत, कारण फरशी ओली आणि पाणी गरम असते. सोलापूर पुण्याहून अडीचशे किलोमीटर आहे, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने केवळ प्रश्नच विचारावेत.

एक प्रश्न मी खास आपल्या जिल्ह्यातर्फे विचारतो: ज्वारीची बीअर होईल का? आफ्रिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि नायजेरियात १९८८ साली बार्लीच्या आयातीवर बंदी आल्यावर तिथल्या मोठ्या ब्रूअऱ्यांनीही ज्वारी आपलीशी केली. अडचण अशी की ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला फुलतो, आणि त्या तापमानाला माल्टमधले बीटा अमायलेज टिकत नाही. म्हणून ज्वारी आधी वेगळ्या भांड्यात आंबिलीसारखी दाट शिजवायची, मग थंड करून बार्लीच्या मॅशमध्ये मिसळायची. शिवाय ज्वारीला बार्लीसारखे टरफल नसते, त्यामुळे गाळताना थर घट्ट बसतो आणि तो मोकळा ठेवायला भाताचा तूस घालावा लागतो. एका ब्रूअरने हे सगळे समजावून सांगितले आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीचा भाव विचारला. तो ऐकल्यावर, स्टार्चच हवा असेल तर खरिपातली हायब्रीड ज्वारी चालेल, मालदांडी भाकरीलाच राहू द्या, असे त्याचे म्हणणे पडले.