स्विच नंतर घ्या, आधी भिंतीतली केबल बघा

सोलापुरात कुठल्याही ऑफिसात "नेटवर्क अपग्रेड करायचंय" असं म्हणलं की पहिलं कोटेशन मागतात ते स्विचचं, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचं, दुसरं सर्व्हरचं. केबलचं नाव कोणी काढत नाही, कारण ती दिसत नाही, भिंतीत नाहीतर फॉल सीलिंगवर पडलेली असते आणि जे दिसत नाही त्याला पैसे द्यायला मालक लोकांचा हात सुटत नाही. मी ह्या धंद्यात बरीच वर्षं आहे, चिंचोळी एमआयडीसीतले कारखाने, हॉस्पिटलं, पतसंस्था, कॉलेजं, सगळीकडचे रॅक, म्हणजे स्विच-सर्व्हर ठेवायची कपाटं, उघडून बघितलेत, आणि माझं मत आता पक्कं झालंय. स्विच सहा-सात वर्षांत बदलणारच आहे, केबल मात्र पंधरा-वीस वर्षं तिथंच राहणार. मग डोकं जास्त कशात घालायचं?

एक उदाहरण सांगतो. अक्कलकोट रोडला एक टॉवेलचा कारखाना. जकार्डच्या डिझाइनच्या फायली सर्व्हरवर ठेवलेल्या, त्या उघडायला वेळ लागायचा म्हणून मालकांनी चांगला गिगाबिटचा (सेकंदाला १००० मेगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा) मॅनेज्ड स्विच आणला, बसवला, आणि काही फरक पडला नाही. मला बोलावलं. "नवीन स्विच आणलाय की ओ, मग अजून तसंच का चालतंय?" हा त्यांचा प्रश्न, आणि बरोबरच होता. स्विचच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर डिझाइन सेक्शनची निम्मी पोर्टं, म्हणजे केबल लावायची तोंडं, १०० एमबीपीएसवर. टेबलाखालचा बॉक्स उघडला. आत एकच केबल आलेली आणि तिच्यावर दोन कॉम्प्युटर! पूर्वी कोणीतरी केबलीतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी दोन जोड्या एका कॉम्प्युटरला आणि उरलेल्या दोन दुसऱ्याला देऊन टाकल्या होत्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात त्यामुळं हा जुगाड तेव्हा मस्त चालला, पण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. दोनच मिळाल्या की काही लॅनकार्ड गपचूप १०० वर उतरतात, काही लिंक घेत-सोडत बसतात. वर कितीही भारी स्विच लावा, खाली दोन जोड्या त्या दोनच. हे असलं मला सोलापुरात इतक्या ठिकाणी सापडलंय की आता कुठंही गेलो की आधी पोर्टांचा स्पीड बघतो आणि मगच चहा घेतो.

दुसरी डोकेदुखी म्हणजे सीसीए केबल, म्हणजे वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम. बॉक्सवर झोकात कॅट ६ (केबलीचा दर्जा, आकडा मोठा तितकी केबल वरची) छापलेलं असतंय, भाव खूपच कमी, आणि टेंडरमध्ये एल वन, म्हणजे सगळ्यात कमी भाववाला, आला की हीच केबल भिंतीत जाते. ओळखायची कशी, तर एक तार घ्या, ब्लेडनी खरवडा, आत पांढरी निघाली की परत पाठवा. बॉक्स उचलून बघितला तरी कळतं, हलका लागतो. कॉम्प्युटरपुरती ही केबल कदाचित चालूनही जाईल, पण पीओईवर, म्हणजे त्याच नेटवर्क केबलीतून वीज देऊन, कॅमेरे टाकले की खेळ सुरू. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स जास्त, लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पोचेपर्यंत पडतं. एका गोदामात कॅमेरे दिवसभर व्यवस्थित चालायचे आणि अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू. वॉचमनला वाटायचं कोणीतरी मुद्दाम करतंय. कारण साधं होतं, रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, ओढ वाढते आणि केबल तेवढं देऊ शकत नाही. पीओईचं पहिलं स्टँडर्ड २००३ चं, पोर्टला १५.४ वॅट, २००९ ला ३० झालं आणि २०१८ च्या ८०२.३बीटी ह्या स्टँडर्डमध्ये ९० वॅटपर्यंत गेलं. म्हणजे पुढं ह्या केबलीतून वीज जास्तच वाहणारय. तिथं असली केबल टाकणं म्हणजे मला तरी चेष्टा वाटते.

आता आपल्या गावाचे दोन खास प्रश्न, जे पुण्यातला कन्सल्टंट कोटेशनमध्ये कधी धरत नाही.

पहिला ऊन. मे महिन्यात बाहेर ४३-४४ असतंय, आणि स्विचच्या डेटाशीटवर लिहिलेलं असतं ४० नाहीतर ४५, फार तर ५० डिग्री. पत्र्याच्या शेडमध्ये, वरच्या बाजूला भिंतीवर ठोकलेल्या बंद रॅकमध्ये किती होत असेल हे तुम्हीच समजून घ्या. वर परत लूमचं शेड असेल तर कापसाची धूळ. आत पंखा असलेला नेटवर्क स्विच तिथं लावला की थोड्याच महिन्यांत जाळीवर कापसाचा थर बसतो, पंखा अडतो, स्विच तापून रीस्टार्ट व्हायला लागतो. म्हणून शेडमध्ये फॅनलेस इंडस्ट्रियल स्विच घ्या, महाग पडतो, पण ७०-७५ डिग्रीपर्यंत चालणारे मिळतात, आणि रॅक जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर लावा, पत्र्याला चिकटवून नको.

दुसरा वळीव. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी आभाळ भरून आलं, वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजणार हे ठरलेलं. ऑफिसची बिल्डिंग इकडं, शेड तिकडं, आणि मधून उघड्यावर तांब्याची केबल टाकलेली. दोन्हीकडची अर्थिंग वेगळी, वीज जवळपास कुठंतरी पडली तरी त्या केबलीत झटका येतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात, कधी अख्खा स्विच. ह्याच्यावर उपाय एकच, दोन बिल्डिंगच्या मध्ये फायबर, म्हणजे काचेची केबल, आणि तीही मधे लोखंडी आवरण किंवा तार नसलेली. काचेतून करंट जात नाही, विषय संपला. फायबरमध्ये सिंगल मोड आणि मल्टीमोड असे दोन प्रकार येतात, टाकताय तर सिंगल मोड टाका. जुन्या मल्टीमोडवर १० जी (म्हणजे १० गिगाबिट) अगदी थोड्या मीटरवर दम टाकतं, नव्या ओएम ३ जातीच्या मल्टीमोडवर ३०० मीटर जातं, पण सिंगल मोडवर आज १ जी चालवा, उद्या १० जी, परवा १०० जी, जमिनीतली फायबर तीच, फक्त टोकाला स्विचमध्ये बसणारे एसएफपी मोड्यूल बदलायचे. लोक म्हणतात सिंगल मोड टेलिफोन कंपन्यांचं काम, आपल्याला कशाला. काही नाही तसं, फायबर तर उलट स्वस्तच पडते, मोड्यूलला थोडे जास्त जातात इतकंच. आणि सहा कोरची, म्हणजे आत सहा काचेचे धागे असलेली, मागायला गेलात तर बारा कोरची घ्या, चर खोदायचा खर्च तोच आहे.

हे सगळं टप्प्याटप्प्यानं करता येतं हीच इथरनेटची, म्हणजे ह्या केबल-स्विचच्या नेटवर्कच्या पद्धतीची, खरी गंमत आहे असं मला वाटतं. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज ह्यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क लॅबमध्ये सुरू केलं तेव्हा स्पीड होता २.९४ एमबीपीएस, तोही एका जाड कोअ‍ॅक्स केबलीवर सगळ्यांनी मिळून. १९८० च्या स्पेसिफिकेशनमध्ये एका फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या एका पुडक्यात, १५०० बाइट डेटा ठरला, तो अजून तोच आहे. केबल बदलली, स्विचच्या आधीचे हब गेले, स्विच आले, स्पीड ४०० आणि ८०० जीपर्यंत गेला तरी फ्रेमचा सांगाडा ओळखीचाच. त्यामुळं पंधरा वर्षांपूर्वीचं एखादं मशीन १०० एमबीपीएसवर चालू ठेवून त्याच्याच शेजारी नवीन १० जीचा सर्व्हर लावता येतो, दोघं एकमेकांशी बोलतात. टोकन रिंग, एफडीडीआय वगैरे नेटवर्कच्या दुसऱ्या पद्धती आल्या आणि गेल्या. मेटकाफना कॉम्प्युटर क्षेत्रातला २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं.

आता जुनी केबल चांगली असेल तर? तर ती काढू नका. हे मी केबल विकणारा माणूस असून सांगतोय. २०१६ मध्ये ८०२.३बीझेड हे स्टँडर्ड आलं, त्यात खऱ्या तांब्याच्या कॅट ५ई वर १०० मीटरपर्यंत २.५ जी चालतं आणि कॅट ६ वर ५ जी. नव्या वायफायच्या बऱ्याच ॲक्सेस पॉइंटना २.५ चाच पोर्ट येतो, म्हणजे भिंत न फोडता काम होतं. पण आधी टेस्टर लावून प्रत्येक पॉइंटचा रिपोर्ट काढा. नुसता चार-आठ दिवे लुकलुकणारा तो दोनशे रुपयांचा टेस्टर नाही, सर्टिफिकेशनचा. मशीन भाड्यानी मिळतं. १० जी टेबलापर्यंत पाहिजे असेल तर कॅट ६ वर ५५ मीटरच्या आत, पूर्ण १०० मीटरला कॅट ६ए. खरं सांगायचं तर अकाऊंटच्या टेबलावर १० जी नेऊन काय करणार, टॅली काय जास्त पळणार आहे का.

१० जी पाहिजे ते सर्व्हर रूममध्ये. इथं हिशोब करून दाखवला की मालक लगेच ऐकतात. समजा रात्रीचा बॅकअप ४ टीबी आहे. १ जीच्या लिंकवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या (मेगाबाइट, मेगाबिट नव्हे) आसपास पडतं, म्हणजे जवळपास १० तास. रात्री ११ ला सुरू केला तर सकाळी ९ ला संपणार, तोपर्यंत हॉस्पिटलची ओपीडी सुरू झालेली आणि पेशंट नोंदणी रखडलेली. १० जी केलं की नेटवर्कच्या बाजूनं हेच काम तासाभराचं. हार्ड डिस्क तेवढ्या पळत नाहीत म्हणून दोन-तीन तास धरा, तरी रात्रीत आटपतं. आणि ह्यासाठी एकाच रॅकमधल्या सर्व्हरला, स्टोरेजला आणि स्विचला जोडायला साधी डॅक केबल (दोन्ही टोकांना मोड्यूल जोडूनच येणारी तांब्याची केबल) पुरते, दोन-तीन मीटरची, स्वस्त आणि थंड. आरजे ४५ वाले, म्हणजे साधी लॅन केबल लागणारे, १० जीचे मोड्यूल हात लावला तर चटका बसतो इतके तापतात, सोलापुरात तर ते टाळाच. नवीन स्विच घेताना थोडे जास्त घालून २५ जीचे पोर्ट मिळत असतील तर बघा, त्यात बहुतेक ठिकाणी १० जीचे मोड्यूलही चालतात.

मोठ्या डेटा सेंटरचं गणित वेगळंय, तिथं सर्व्हर-सर्व्हरमधलाच ट्रॅफिक प्रचंड म्हणून स्पाइन-लीफ, म्हणजे खालचा प्रत्येक स्विच वरच्या प्रत्येक स्विचला जोडायची रचना, करतात. फेसबुकवाल्या मेटानी तर २०२४ मध्ये सांगितलं की त्यांच्या २४ हजारांवर जीपीयूच्या (एआयचं काम करणाऱ्या चिपांच्या) दोन क्लस्टरपैकी एक इथरनेटवर आहे. वाचायला भारी वाटतं, पण दोन रॅकच्या सर्व्हर रूमला स्पाइन-लीफचं कोटेशन कोणी दिलं तर त्याला चहा पाजून पाठवून द्या. आपल्याला दोन स्विच, दोन अपलिंक, एसी दोन आळीपाळीनं, आणि नीट अर्थिंग, एवढं पुष्कळ झालं.

स्विचमधलं स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलीचं वेटोळं ओळखून ते तोडणारी सोय, चालू ठेवा हे सांगायचं राहिलं. कोणीतरी मोकळी दिसली म्हणून एकाच केबलीची दोन्ही टोकं स्विचला लावतो आणि अख्खं ऑफिस बसतं. कॅमेरे, बायोमेट्रिक आणि अकाऊंट वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये, टाका.

काम काढायचं कधी, हे पण विचारतात. कारखान्याचं असेल तर दिवाळीत, लूम बंद असतात, शेडमध्ये शिडी लावता येते, कामगार गावाला. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत माझीच पोरं कामाला येत नाहीत, त्यामुळं संक्रांतीचा आठवडा मी धरतच नाही. मेमध्ये सीलिंगवर माणूस चढवणं बरोबर नाही. आणि मार्चमध्ये तर फोनच करू नका, अकाऊंटवाले तुम्हालाही मारतील आणि मलाही.