कालच्या खुर्चीवरचा दिवा

माझ्या मुलीला बीटीएस, म्हणजे ती सात गाणारी-नाचणारी कोरियन मुलं, आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण १ आणि २ जून २०१९ या दोन दिवसांत लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमच्या आसपास, त्यांच्या कार्यक्रमाला जाताना, मला निदान सहा जणांनी विचारलं, ‘मुलीला घेऊन आलात वाटतं?’ स्टेशनवरच्या पिवळ्या जाकीटवाल्याने विचारलं, चिप्सच्या गाडीवरच्या बाईने विचारलं, रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका पोराच्या आईनेही विचारलं. मुलगी घरी हॅरोला होती, कानात गिटारवाली इंग्लिश पोरं घालून. आले होते ती मी. वय सत्तेचाळीस, पुण्यात वाढलेली, नोकरी अकाउंट्सची, गुडघा डावा.

नाद लागला तो २०१७च्या नोव्हेंबरमध्ये. त्यांनी अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्समध्ये केलेला नाच मी ऑफिसातून घरी येताना गाडीत फोनवर बघितला. सात जण, आणि एकाचाही पाय चुकत नाही. माझं लहानपण कथकच्या क्लासात गेलंय. ताल सांभाळत इतका वेळ उड्या मारायला काय लागतं ते मला कळतं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत एकातून एक व्हिडिओ बघत बसले. २०१८च्या ऑक्टोबरात ते लंडनला ओटूमध्ये दोन दिवस आले, तेव्हा तिकीट हुकलं. आठवडाभर मी घरात कुणाशी धड बोलले नव्हते. नवरा अजून त्या आठवड्याला ‘सुतक’ म्हणतो.

म्हणून वेम्ब्लीची घोषणा झाल्यावर मी कसूर ठेवली नाही. १ मार्च, शुक्रवार. ऑफिसात एक मीटिंग चालू होती, माझा माइक बंद, दुसऱ्या लॅपटॉपवर तिकिटांचं पान उघडं. मी पुण्यात नाटकाची तिकिटं काढायला रांगेत उभी राहिलेली मुलगी. पहाटे गेलं की पुढच्या रांगा मिळायच्या, खिडकीतला माणूस प्लॅन समोर सरकवायचा, आपण बोट ठेवायचं. इथे बोट ठेवायला काही नाही. एक हिरवी पट्टी सरकते, आणि पुढे किती माणसं आहेत त्याचा पाच आकडी आकडा. पट्टी अर्ध्यावर आली, पान लटकलं, पुन्हा चालू झालं. खुर्ची निवडली की पैसे भरेपर्यंत ती दुसऱ्या कुणीतरी उचललेली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी जे मिळालं ते न बघता घेतलं: पाचवा मजला, म्हणजे स्टेडियमचा शेवटचा माळा. सगळी तिकिटं दीडेक तासात संपली. मग दुसरा दिवस जाहीर झाला, आणि त्याच्या विक्रीत मला चक्क खाली मैदानातलं उभं राहायचं तिकीट मिळालं. गुडघ्याला विचारलं नाही.

मध्ये तीन महिने होते, आणि तयारी बरीच होती. सगळ्यात आधी पाठांतर. या लोकांच्या गाण्यांत ठरावीक जागी प्रेक्षकांनी नावं पुकारायची असतात, खरी नावं, वयाप्रमाणे नाही तर ठरलेल्या क्रमाने: किम नामजून, किम सॉकजिन, मिन युंगी, जंग होसॉक, पार्क जिमिन, किम तेह्युंग, जॉन जंगकुक, बीटीएस! प्रत्येक नाव आधीच्या नावाला चिकटून आलं पाहिजे, श्वास चुकला की गेलं. मी पोळ्या लाटताना म्हणायचे. एक नाव, लाटण्याचे दोन फेरे. आई पुण्याहून व्हिडिओवर होती, म्हणाली, ‘हे कुठलं स्तोत्र गं?’ मी म्हटलं, ‘अगं, ती कोरियन मुलं.’ ती म्हणाली, ‘ती चिनी?’ हा संवाद आमच्यात महिन्यातून एकदा होतोच.

मग दिवा. त्याचं अधिकृत नाव आर्मी बॉम्ब, कारण त्यांच्या चाहत्यांना आर्मी म्हणतात. (हे नाव विमानतळावर घेऊ नकोस, एवढाच नवऱ्याचा या सगळ्यात सल्ला.) काळी मूठ, वर पारदर्शक गोळा. नुसता पेटवला तर मुलांच्या खेळण्यासारखाच दिसतो. पण फोनवरच्या ॲपमध्ये तारीख निवडून आपला ब्लॉक, रांग आणि खुर्ची भरायची, दिव्याचं बटण ब्लूटूथवर सरकवायचं, तो लुकलुकत फोनला सापडला की खुर्चीचा नंबर दिव्याच्या डोक्यात जाऊन बसतो. मग कार्यक्रम चालू असताना सगळे दिवे स्टेजवाल्यांच्या ताब्यात. कुठल्या ब्लॉकने कधी लाल व्हायचं, कधी विझायचं ते तिकडून ठरतं. आपण नुसता हात वर धरायचा. त्याला तीन बारीक सेल लागतात. घरात नवे सेल नव्हते. शनिवारी सकाळी दोन टीव्हीच्या रिमोटमधले काढले, एक मुलीच्या कॅल्क्युलेटरमधला.

तिसरी गोष्ट चिक्की. चाहते रांगेत एकमेकांना काहीबाही वाटतात, स्टिकर, घरी छापलेली फोटोकार्डं, जांभळ्या रेशमाची कडी. हातात काही न घेता जाणं मला जमलं नसतं. ईलिंग रोडवरून चिक्की आणली, दोन-दोन तुकड्यांच्या साठ पुड्या केल्या आणि प्रत्येकीला जांभळा दोरा बांधला. जांभळा रंग त्यांचा. तेह्युंगने २०१६मध्ये चाहत्यांसमोर ‘बोराहे’ हा शब्द जुळवला, बोरा म्हणजे कोरियनमध्ये जांभळा, तेव्हापासून. रांगेत पहिलीच पुडी ज्या मुलीला दिली ती दोन पावलं मागे सरकली. शेंगदाण्याची ॲलर्जी, खिशात इंजेक्शन घेऊन फिरणारी. मला घामच फुटला. बाजूच्या पोरीकडून मार्कर घेतला आणि फुटपाथवर मांडी घालून उरलेल्या एकोणसाठ पुड्यांवर ‘शेंगदाणे’ असं इंग्रजीत लिहीत बसले. तीन अनोळखी मुली येऊन लिहू लागल्या. त्यातली एक मँचेस्टरची, नर्सिंगचं शिकणारी. तिचंही दुसऱ्या दिवशीचं तिकीट मैदानातलं निघालं.

शनिवार हा आणखी एका कारणाने लक्षात राहील. त्याच संध्याकाळी माद्रिदला टॉटनहॅम आणि लिव्हरपूलची फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची फायनल होती. हॅरो-ऑन-द-हिलवरून मेट्रोपॉलिटन लाइन, तीन स्टेशनं, आणि डबा दोन रंगांत वाटलेला: टॉटनहॅमचे पांढरे शर्ट आणि आमची जांभळी केसं. एका पांढऱ्या शर्टवाल्या काकांनी माझा दिवा बघून विचारलं, हे काय असतं? मी सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, आमच्याकडे असं काही नाही, आम्हाला फक्त शिव्या पाठ असतात.

आता वेम्ब्ली. ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही, त्यामुळे माझी सगळी गृहिणीगिरी छोट्या पाकिटात कोंबलेली. पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत गुडघ्याने दोनदा आठवण करून दिली. आणि खाली बघितलं तर स्टेज एवढंसं. साडेसातला सुरुवात झाली, दोन अवाढव्य फुगवलेले बिबटे उभे राहिले, त्यांच्यामध्ये ते सात जण. वरून ते म्हणजे परातीत सांडलेले सात साबुदाणे. कोण कुठला हे चालीवरून ओळखायचं. होसॉक लगेच कळतो, त्याचे हात बाकीच्यांच्या आधी थांबतात.

लंडनला जूनमध्ये नऊ वाजून गेल्याशिवाय सूर्य मावळत नाही. त्यामुळे पहिले दीड तास उन्हात, आणि इतक्या निगुतीने जोडलेले साठेक हजार दिवे दिसतच नाहीत. हे कुणी आधी सांगत नाही. व्हिडिओंत नेहमी अंधार असतो. खरं सांगायचं तर सुरुवातीचा तासभर मी जरा हिरमुसले होते. मोठ्या पडद्यावरच बघायचं तर घरचा पडदा काय वाईट होता?

मग मध्येच जिनने, म्हणजे सॉकजिनने, हात वर केला आणि ‘ए-ओ’ अशी आरोळी दिली. सगळ्या स्टेडियमने ती परत दिली. त्याने वळवून दिली, आम्ही वळवून परत दिली. ही क्वीन बँडच्या गायकाची, फ्रेडी मर्क्युरीची खूण. १९८५च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत त्याने जुन्या वेम्ब्लीला असंच गायला लावलं होतं. ते स्टेडियम पाडलं, त्याच जागी हे २००७मध्ये उघडलं. फ्रेडी शाळेत होता पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. आमची सातवीची सहल पाचगणीला गेली होती, टेबललँडवर मी घोड्यावरून पडले होते. पाचगणीच्या बोर्डिंगमधल्या पोराची आरोळी एक कोरियन मुलगा वेम्ब्लीत देतोय आणि सदाशिव पेठेतली बाई ती पाचव्या मजल्यावरून परत करतेय, हे त्या गर्दीत मला कुणाला सांगता येईना. शेजारचा मुलगा आयर्लंडचा होता. त्याला ‘फ्रेडी, माय स्टेट!’ असं काहीतरी ओरडून सांगितलं. त्याने मान डोलावली, कळलं काही नसणार.

अंधार पडला आणि मग मात्र सगळं फिटलं. समोरचा अख्खा माळा एका क्षणात निळा, मग त्यावरून पांढरी लाट धावत आली आणि माझ्या हातातल्या गोळ्यातून निघून गेली. मी काही केलं नव्हतं, पण हातातून गेली. पुण्यात त्या वेळी रात्रीचे दोन वाजले असतील. तिथे भाची पैसे भरून थेट प्रक्षेपण बघत होती. नंतर तिने मेसेज केला, ‘मावशी, वरच्या पांढऱ्या ठिपक्यांत तू कुठली?’

घरी नवरा वैतागलेला. मॅच लागली तेव्हा रिमोट चालेना, उठून टीव्हीच्या मागचं बटण चाचपत बसला होता. टॉटनहॅम दोन-शून्यने हरलं. मला म्हणाला, ‘तुझ्या बॉम्बमुळे.’

रविवारी मैदानात. माझी उंची पाच फूट. महागाच्या तिकिटात मला दिसलं ते असं: एका उंच मुलाची पाठ, कोपरं, आणि वर धरलेले फोन, ज्यांच्या पडद्यांवर मला स्टेज दिसत होतं. पाचव्या मजल्यावरून साबुदाणे तरी सात मोजता आले होते. सवाई गंधर्वला सतरंजीवर बसून पाय आखडले की लोक खुशाल भिंतीला टेकतात; इथे टेकायला काही नाही. फक्त एकदा, जंगकुक तारेला लटकून गर्दीवरून उडत आला, तेव्हा सगळ्यांच्या माना वर झाल्या आणि पहिल्यांदाच उंचीचा प्रश्न उरला नाही. त्याच्या बुटाचा तळ मला दिसला. तो धुळीने मळलेला होता. का कोण जाणे, पण दोन दिवसांतलं मला सगळ्यात जवळचं वाटलेलं ते तेवढंच.

अंधार पडायला लागला तशी मँचेस्टरवाली वळून म्हणाली, तुझा दिवा असा का? बघते तर सगळं मैदान गुलाबी आणि माझ्या हातात हिरवा. दिवा मी कालच जोडला होता. आज पुन्हा जोडायला हवा होता, नवी तारीख, नवी जागा. विसरले. माझ्या दिव्याच्या मते मी अजून पाचव्या मजल्यावर होते. ॲप उघडायला गेले तर एवढ्या गर्दीत नेटवर्कचा पत्ता नाही. ती म्हणाली, बंद करून हाताने एक रंग लावून ठेव. मी मान वर करून मागच्या वरच्या माळ्याकडे बघितलं. कालचा माझा ब्लॉक हिरवा होता. मग तो विझला, माझा दिवाही विझला. तिकडे पांढरी लाट आली, माझ्या हातात एक पांढरी उघडझाप. मी म्हटलं, राहू दे.

शेवटाकडे प्रेक्षकांनी ठरवल्याप्रमाणे त्यांचंच ‘यंग फॉरेव्हर’ गायला सुरुवात केली. ते सात जण बोलायला उभे होते ते तसेच थांबले. जिमिन रडला. कोरियन शब्द माझे पाठ होते, पण दुसऱ्या ओळीला माझा आवाज बसला तो बसलाच, मग नुसते ओठ हलवले. पुढचा उंच मुलगा मागे वळला, माझ्याकडे बघून बाजूला सरकला आणि त्याने मला पुढे घेतलं. शेवटची पाच-सात मिनिटं मी त्यांना माणसाएवढे बघितले.

मग आतषबाजी, आणि मग स्टेशनपर्यंतची रांग. ऑलिम्पिक वेवर पाट्या धरलेले लोक थोडेथोडे सोडतात, थांबवतात, पुन्हा सोडतात. शंभर पावलांना पाऊण तास. एक मुलगी नामजून-सॉकजिन सुरू करायची, बाकीच्यांनी पुढचं पुरं करायचं. चिक्कीची एक पुडी उरली होती, ती मी आणि मँचेस्टरवालीने फोडली.

घरी पोचले तेव्हा सगळे झोपले होते. ओट्यावर आमटी-भात झाकून ठेवलेला. उभ्यानेच खाल्ला. मग दिव्याचं झाकण उघडून तीन सेल काढले, दोन रिमोटमध्ये घातले आणि तिसरा कॅल्क्युलेटरमध्ये. सोमवारी मुलीची गणिताची चाचणी होती.