वाटी समोर ठेवल्यावर

पुण्यातील एका वस्तीलगतच्या शाळेत मुलांच्या आहारातील लोहाची नोंद घेताना मी सहावीतल्या एका मुलीला विचारले, "काल सकाळपासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लंस?" तिने चटकन सांगितले, "चपाती-भाजी, शाळेतली खिचडी, रात्री वरण-भात." तेवढेच लिहून घेतले असते, तर कागदावर तिचा आहार बरा दिसला असता. मात्र लहान-मोठ्या वाट्या पुढे मांडल्यावर तिने सर्वांत लहान वाटीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "वरण एवढंच, ते पण पातळ." चपाती चहात बुडवून खाल्ली होती, भाजी वडिलांच्या डब्यात गेली होती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार दहा ते बारा वर्षांच्या मुलीला रोज 28 मिलिग्रॅम, तर त्याच वयाच्या मुलाला 16 मिलिग्रॅम लोह लागते. शालेय पोषण आहारात सहावीपासून मिळणाऱ्या 150 ग्रॅम तांदळातून जेमतेम 1 मिलिग्रॅम लोह मिळते. डाळीची थोडी भर पडते, इतकेच. बाजरीच्या 100 ग्रॅम पिठात मात्र सुमारे 6.4 मिलिग्रॅम लोह असते. गावाकडे बाजरी खाणारी कुटुंबे शहरात येऊन रेशनच्या गहू-तांदळावर आली, की हा फरक थेट ताटात उतरतो. त्यासाठी आईला बोल लावणे मला अन्यायाचे वाटते.

कोणत्या पदार्थात किती पोषक घटक असतात, हे सांगणाऱ्या कोणत्या तक्त्यावरून हिशेब केला, यालाही महत्त्व आहे. जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम पोह्यांत 20 मिलिग्रॅम लोह दिलेले होते, तर 2017 च्या तक्त्यात ते सुमारे साडेचार आहे. सकाळी पोहे खाणारे मूल जुन्या आकड्यांवरून सहज 'पुरेसे लोह घेणारे' ठरते, आणि मदतीच्या यादीतून त्याचे नाव गळते. म्हणून अहवालात तक्त्याचे नाव आणि वर्ष लिहिलेच पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

शिवाय पोटात गेलेले सगळे लोह रक्तात उतरत नाही. धान्य-डाळींतील फायटेट हे नैसर्गिक द्रव्य आणि जेवणासोबतचा चहा त्याचे शोषण रोखतात, तर लिंबू, पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्व ते वाढवते. त्यामुळे चहा कधी घेतला आणि लिंबू पिळले होते का, यासाठी मी नोंदीच्या कागदावर वेगळे रकाने आखले.

एका दिवसाच्या नोंदीवर मुलाचा नेहमीचा आहार ठरवता येत नाही. लागोपाठ नसलेले तीन दिवस, आणि त्यांत एक सुट्टीचा, घ्यावे लागतात. याच मुलीच्या रविवारच्या नोंदीत बाजरीच्या दोन भाकरी आल्या. आजी गावाहून पीठ घेऊन आली होती. पीठ किती दिवस पुरेल, असे विचारल्यावर मुलीने बोटे मोजली आणि म्हणाली, "बुधवारपर्यंत."