निकाल बाकी

शनिवार, रात्री उशिरा

आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा, जॅमचा, फॉर्म भरून टाकला एकदाचा. विषय भौतिकशास्त्र. फोटो, सही, फी हे सगळं पटापट उरकलं आणि पदवीच्या रकान्यापाशी हात थांबला. उत्तीर्ण, की निकाल बाकी?

माझं सहावं सेमिस्टर द्यायचंच राहिलंय. आधी बाबांचं आजारपण, मग मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेबाची नोकरी. यंदा परीक्षेला बसतोय, म्हणजे नियमाप्रमाणं ‘निकाल बाकी’च. शेवटच्या वर्षाच्या पोरांना जॅम देता येते, नंबर लागला तर आयआयटीत एम.एस्सी.ला तात्पुरता प्रवेशही मिळतो. पण दिलेल्या मुदतीत पदवी पास झाल्याचा कागद दाखवावा लागतो, नाहीतर प्रवेश रद्द. म्हणजे उचलच की ही. अडतीवर हंगामाआधी शेतकरी उचल घेऊन जातो तशी. पुढं माल यार्डात यायलाच लागतो.

मामांना फोनवर सांगितलं तर ते भलतेच खूश. “आरं, नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले! आणि रामानुजनकडं तर डिग्रीच नव्हती. तू कशाला काळजी करतोस?”

मामा, नारळीकर केंब्रिजचे रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले. आणि रामानुजनला केंब्रिजनं 1916 साली संशोधनावर बी.ए. दिलीच की. शिवाय 1913 साली त्यानं केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाला पत्र धाडलं, त्यात पानंच्या पानं सूत्रं होती. मी काय धाडू? गुळाच्या हिशेबपट्ट्या? हे सगळं मनातल्या मनात. तोंडानं “होय मामा” एवढंच म्हटलं.

ही उदाहरणं ऐकली की माझं डोकं फिरतं. डिग्री नसलेला एखादा मोठा झाला म्हणून डिग्री नसणं काही गुण ठरत नाही.

संध्याकाळी राजारामपुरीत सरांकडं गेलो होतो. जॅमला किती वेळ द्यायचा आणि सेमिस्टरला किती, एवढंच विचारायचं होतं. जॅमचा पेपर 3 तासांचा, 60 प्रश्न, 100 गुण. त्यातल्या 20 प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा काढून टाइप करायचा. चुकला तर गुण कापत नाहीत, म्हणून माझा सगळा जोर त्यांच्यावर. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जॅम दरवर्षी असते. तुझ्या जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा दरवर्षी असणार आहे का, ते आधी विचारून ये. प्रॅक्टिकलचं काय करणार आहेस?”

प्रॅक्टिकलचं मी काहीच ठरवलं नव्हतं. थिअरी घरी बसून होते. प्रयोग कुठं करणार?

मग त्यांनी न्यूटनच्या कड्यांच्या प्रयोगावर धरलं. काचेवर भिंग ठेवून वरनं सोडियमचा पिवळा उजेड पाडला की ज्या गोल गोल कड्या दिसतात, त्या मोजायच्या. सोडियमचा दिवा लावल्या लावल्या पिवळा का दिसत नाही? आत निऑन असतो, आधी तांबूस उजेड येतो, सोडियम तापून त्याची वाफ झाली की पिवळा. हे आलं. मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेनं का फिरवायचा? उलटा फिरवला की आट्यांमधला ढिलेपणा रीडिंगमध्ये घुसतो. हेही आलं. कड्याच्या व्यासाचा वर्ग आणि कड्याचा क्रमांक यांचा आलेख सरळ रेषेत येतो, पण शून्यातून का जात नाही? इथं गाडी अडली. बराच वेळ कागदावर खरडत बसलो. सर आत जाऊन चहा घेऊन आले तरी मी तिथंच. भिंग काचेला नेमकं टेकलेलं नसतं, मध्ये धूळ असते, पापुद्र्याएवढी फट राहते. ती फट सगळ्या कड्यांना सारखीच, म्हणून दोन कड्यांच्या वर्गांची वजाबाकी केली की ती उडून जाते, आणि सोडियमच्या उजेडाच्या तरंगलांबीचं उत्तर 5893 अँगस्ट्रॉमच्या आसपास येतं. वजाबाकीचं सूत्र मी तीन वर्षं पाठ म्हणत आलो. ती कशासाठी करायची, हे आज कळलं. लई भारी वाटलं.

घरी येऊन ‘निकाल बाकी’ निवडलं आणि फॉर्म सबमिट केला.

सोमवारी अडतीवरनं दुपारची सुट्टी मागून कॉलेजात जायचं. प्रॅक्टिकलची बॅच कधी आहे, रिपीटरला तिच्यात बसू देतात का, आणि जुनं जर्नल चालेल का, हे विचारायचं. जर्नलवर सही आहे, पण तारीख जुनी आहे. मालकांना दिवाळी पाडव्याच्या सौद्यांआधीच सांगून ठेवायला पाहिजे, नंतर त्यांना बोलायला सवड नसते.